चकत्यांवरची मोडी

२००० सालानंतरच्या दहा वर्षांत ज्यांनी सुटे भाग आणून संगणक जोडून घेतला, त्यांना मदरबोर्डाची ती रंगीबेरंगी खोकी आठवत असतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत ती छतापर्यंत रचलेली असायची. खोक्यावर ठळक अक्षरांत जे गुण छापलेले असत त्यांत बऱ्याचदा एक शब्द असे, ‘रेड’. या रेडचा लाल रंगाशी काही संबंध नाही आणि आयकरवाल्यांच्या धाडीशीही नाही! "दोन हार्ड डिस्क लावा, एक गेली तरी दुसरी आहे," एवढा अर्थ दुकानदार सांगायचा आणि घेणाऱ्यालाही तेवढा पुरायचा. मग घरी येऊन कुणी त्यावर लिनक्स घालायला गेला की लिनक्स सरळ सांगे, इथे दोन वेगवेगळ्या डिस्क आहेत, त्यांची जोडी वगैरे मला काही दिसत नाही. आता खरे कोण, खोके की लिनक्स?

माझ्या या अनुदिनीवर एरवी जुनी पुस्तके, गावे आणि शाळेच्या आठवणी असतात, त्यामुळे आजचा विषय पाहून काहींच्या भुवया वर जातील. पण मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले, आणि निवृत्तीनंतर संगणकाच्या नादी लागल्यावर लक्षात आले की यंत्रांनाही इतिहास असतो, आणि तो माणसांच्या इतिहासासारखाच मानापमानाने आणि हट्टाने भरलेला असतो. तांत्रिक मित्रांना यात नवे फारसे सापडणार नाही. नातेवाईक मंडळींनी अवघड नावे आली की ती ओलांडून पुढे जावे. हार्ड डिस्कला मी यापुढे चकती म्हणणार आहे, एवढे फक्त लक्षात ठेवा.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एका परिषदेत एक निबंध मांडला. त्या काळी मोठ्या संगणकांना मोठ्या आणि महागड्या चकत्या लागत. निबंधात उदाहरणाला घेतलेली आयबीएमची ३३८० ही चकती १४ इंच व्यासाची होती आणि तिच्यात ७५०० मेगाबाइट माहिती मावे. दुसरीकडे घरगुती संगणकांसाठी कॉनर कंपनीची साडेतीन इंची, १०० मेगाबाइटची स्वस्त चकती बाजारात आली होती. तिघांचे म्हणणे असे, की एका हत्तीऐवजी शंभर बैल का जुंपू नयेत? काम वेगाने होईल आणि खर्चही कमी.

पण शंभर बैल म्हणजे आजारपणेही शंभर. एक चकती बिघडेपर्यंत सरासरी ३०,००० तास जातात असे धरले, तर शंभरांतली पहिली ३०० तासांत बिघडणार, म्हणजे दोन आठवडेसुद्धा जाणार नाहीत. हा हिशोब त्यांनी स्वतःच निबंधात मांडला आणि मग त्यावरचा उपाय सांगितला. काही चकत्या जादा ठेवायच्या आणि त्यांवर असे काही लिहायचे, की एक गेली तरी तिच्यावरचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा तयार करता यावा. ‘रिडंडंट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’, म्हणजे जादा प्रतीची सोय असलेली स्वस्त चकत्यांची रांग. याच्या आद्याक्षरांचा ‘रेड’ झाला. पुढे यातल्या ‘स्वस्त’ची जागा ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दाने घेतली. महाग कपाटे विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ म्हणवून घेणे आवडणार तरी कसे?

त्यांनी पाच प्रकार सांगितले. पहिला सोपा. दोन चकत्यांवर एकच मजकूर, जणू आरशातले प्रतिबिंब. ही युक्ती त्यांच्याआधीही वापरात होती, त्यांनी तिला क्रमांक दिला. पाचवा प्रकार हुशारीचा आहे आणि तो शिक्षकाला चटकन कळतो. गुणपत्रकात मराठी ६२, गणित ४८, इतिहास ७१ आणि एकूण १८१ असे लिहिले आहे. गणिताच्या आकड्यावर शाई सांडली तर? १८१ मधून ६२ आणि ७१ वजा करा, ४८ परत मिळाले! चकतीवर शून्य आणि एक एवढेच अंक असतात, म्हणून तिथे बेरजेऐवजी फक्त सम की विषम एवढे लिहून ठेवतात. तत्त्व तेच. ‘शून्य’ क्रमांकाचा प्रकार नंतर रूढ झाला. त्यात मजकूर दोन चकत्यांवर वाटून नुसता वेग वाढवतात, जादा प्रत कुठेच नसते. एक चकती गेली की दोन्ही गेल्यातच जमा. त्याला शून्य म्हणणारा माणूस प्रामाणिक असला पाहिजे.

आता हे वाटण्याचे आणि जोडण्याचे काम कोणी करायचे? मोठ्या संगणकांत त्यासाठी वेगळे कार्ड असे. त्या कार्डावर स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती. चकत्या किती आणि मजकूर कसा वाटला हे सगळे कार्ड बघते आणि संगणकाला म्हणते, ही घे एक मोठी चकती. विंडोज असो की लिनक्स, त्यांना आतले काही कळण्याची गरज नाही. ही खरी ‘हार्डवेअर रेड’. ती महाग असते.

मदरबोर्डावर जे आले ते मात्र वेगळे होते. साधारण २००० सालापासून हायपॉइंट आणि प्रॉमिस या कंपन्यांच्या चिप मदरबोर्डांवर दिसू लागल्या. २००३ मध्ये इंटेलने आपल्या चिपसंचातच ही सोय दिली, व्हिया आणि एनव्हिडियाही त्याच वाटेने गेल्या. या चिपमध्ये रेडचे गणित करणारा प्रोसेसर नव्हता. दोन चकत्या जोडण्याचे साधे नियंत्रक, आणि जोडीला बायॉसमध्ये एक छोटासा प्रोग्रॅम, एवढाच सगळा संसार. याचा पुरावा उत्साही मंडळींनी त्याआधीच हातात दिला होता. प्रॉमिसचे अल्ट्रा ६६ हे साधे कार्ड आणि फास्टट्रॅक ६६ हे रेडचे महाग कार्ड. लोकांनी साध्या कार्डावर एक रेझिस्टर डाग देऊन बसवला, त्यावरचा प्रोग्रॅम बदलला आणि साध्या कार्डाचे रेड कार्ड झाले! काही पैशांच्या रेझिस्टरने जर पदवी मिळत असेल, तर त्या पदवीत अभ्यास किती होता ते कळलेच.

हे चालायचे कसे ते शाळेच्या भाषेत सांगतो. बायॉस म्हणजे शाळेचा शिपाई. सकाळी कुलपे उघडतो, पहिली घंटा देतो. त्याला ठाऊक असते, की कोपऱ्यातली दोन कपाटे एकच समजायची. चकत्यांच्या बहुधा अगदी शेवटच्या भागात कंपनीने एक खूण लिहून ठेवलेली असते, ती वाचून त्याला हे कळते. पण वर्ग सुरू झाला की सूत्रे शिक्षकाकडे जातात आणि शिपायाचे काम संपते. विंडोज नावाच्या शिक्षकाला कंपनीने चिठ्ठी दिलेली असते, की ही कपाटे एक धर. ती चिठ्ठी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज एक्सपी घालताना सुरुवातीलाच एफ-६ कळ दाबून फ्लॉपी द्यावी लागे, ती याचसाठी. लिनक्स नावाच्या शिक्षकाला कंपनीने चिठ्ठी दिलीच नाही. तो वर्गात आला, त्याने स्वतः मोजले आणि म्हणाला, कपाटे दोन आहेत.

म्हणजे लिनक्स खरेच बोलत होते. रेडचे सगळे काम ड्रायव्हर संगणकाच्याच मुख्य प्रोसेसरकडून करून घेत होता. लिनक्सवाल्यांनी या प्रकाराला ‘फेकरेड’ असे बोचरे नाव दिले. नाव थोडे अन्यायाचे आहे असे मला वाटते, कारण संगणक सुरू होतानाच जोडी ओळखणे आणि एक चकती गेली तरी दुसरीवरून सुरू होणे, हे काम ती व्यवस्था खरेच करत होती. खोटी होती ती खोक्यावरची जाहिरात.

पण खरे बोलण्यानेही घोटाळे होतातच. चकत्या ‘शून्य’ प्रकारात असतील तर पहिल्या चकतीवरचा नकाशा सांगे, की इथे चकतीच्या आकारापेक्षा मोठे विभाग आहेत, आणि लिनक्स गोंधळून तक्रार करी. हा घोटाळा निदान दिसत तरी होता. आरशाच्या जोडीत तो दिसतच नसे. दोन्हीपैकी कोणतीही चकती एकटी उघडली तर ती अगदी नेहमीची वाटते. लिनक्सने तिच्यावर चार ओळी लिहिल्या, दुसरीला त्याचा पत्ता नाही. नंतर विंडोज सुरू झाले की ते कधी या चकतीवरून वाचणार, कधी त्या. एकाच वहीच्या दोन प्रतींत दोन वेगळे मजकूर, आणि दोन्ही खऱ्या नक्कल म्हणून शिक्का मारलेल्या!

लिनक्सकडे स्वतःची रेड नव्हती असे नाही. मार्क झिंगियर यांनी सुरू केलेली ‘एमडी’ ही व्यवस्था १९९६ च्या २.० आवृत्तीत आली होती. इंगो मोल्नार आणि इतरांनी ती वाढवली आणि २००१ च्या जानेवारीतल्या २.४ आवृत्तीत ती नव्या रूपात आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातले नील ब्राऊन यांनी ती हाताळण्यासाठी ‘एमडीॲडम’ हे साधन लिहायला घेतले. म्हणून जाणकारांचा सल्ला ठरलेला असे. बायॉसमधली रेड बंद करा, चकत्या सुट्या ठेवा आणि लिनक्सचीच रेड वापरा. सल्ला रास्त होता. पण एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवे असणाऱ्याचे काय? विंडोजला लिनक्सची जोडी कळत नाही आणि लिनक्सला बायॉसची. कार्यालयासाठी एक आणि आवडीसाठी दुसरे, असे ज्यांचे होते ती मंडळी मधल्यामध्ये अडकली.

त्यांच्यासाठी काही जणांनी जे काम केले, ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. कंपन्या आपल्या खुणांची लिपी सहसा सांगत नसत. प्रत्येकीची लिपी वेगळी. तेव्हा चकतीचा शेवटचा भाग उघडायचा, तिथले अंक न्याहाळायचे, बायॉसमध्ये एक गोष्ट बदलायची, पुन्हा अंक पाहायचे आणि काय बदलले त्यावरून अर्थ लावायचा. दफ्तरखान्यात बसून मोडी कागद लावणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही चिकाटी ओळखीची वाटेल. रेड हॅट कंपनीतले आर्यन व्हॅन डे वेन यांनी २.४ आवृत्तीसाठी ‘एटीए-रेड’ लिहिले, त्याला प्रॉमिस आणि हायपॉइंट यांच्या लिप्या येत होत्या. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आवृत्ती आली, तेव्हा आतली रचना बदलली आणि हे काम मागे पडले. मग त्याच कंपनीतले हाइन्झ माउल्सहागेन यांनी २००४ मध्ये ‘डीएमरेड’ आणले. इंटेल, एनव्हिडिया, व्हिया, सिलिकॉन इमेज, प्रॉमिस, हायपॉइंट अशा अनेक घराण्यांच्या खुणा ते ओळखे आणि कोणती कपाटे एक धरायची ते लिनक्सला सांगे. कंपनीने न दिलेली चिठ्ठी अशी बाहेरच्या माणसांनी लिहिली.

तरी वाट सोपी नव्हती. लिनक्स घालण्याआधी सीडीवरून तात्पुरते सुरू करायचे, डीएमरेड उतरवून घ्यायचे, जोडी जिवंत करायची, मग विभाग पाडायचे, आणि शेवटी ‘ग्रब’ला हाताने समजवायचे की अखंड चकती कोणती. एक पायरी चुकली की काळ्या पडद्यावर लुकलुकणारी रेघ! शिवाय चकती बिघडली तर नवी लावून जोडी पुन्हा भरण्याच्या कामात डीएमरेड कच्चे होते. त्यासाठी बरेचदा पुन्हा बायॉसकडे किंवा विंडोजकडेच जावे लागे.

याला वळण मिळाले २००९ मध्ये. नील ब्राऊन यांच्या एमडीॲडमच्या ३.० आवृत्तीला परक्या खुणा वाचता येऊ लागल्या. इंटेलची खूण त्यांत होती, आणि हे काम पुढे नेण्यात खुद्द इंटेलमधले प्रोग्रॅमर होते. ज्याची लिपी तोच शिकवायला बसला म्हटल्यावर काम पक्के झाले. वाचणे-लिहिणे एमडीच्या कसलेल्या यंत्रणेने करायचे आणि चकतीवरची खूण कंपनीच्या पद्धतीची ठेवायची, अशी वाटणी झाली. रेड हॅटने २०१९ च्या आपल्या आठव्या आवृत्तीतून डीएमरेड काढून टाकले आणि एमडीॲडम वापरा असे सांगितले. ज्या कंपन्यांनी कुणालाच काही शिकवले नाही, त्यांच्या खुणा मात्र जुन्या साधनांच्याच भरवशावर राहिल्या. एनव्हिडियाने तर पुढे मदरबोर्डाच्या चिप करणेच सोडून दिले.

हे सारे मला इतके जवळचे का वाटते, ते आता सांगतो. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी २००७ साली आम्ही जुने दफ्तर स्कॅन करायला घेतले होते. जनरल रजिस्टरची पिवळी पाने, जुने गटफोटो, माजी विद्यार्थ्यांची पत्रे. त्यासाठी देणगीतून घेतलेल्या संगणकात मदरबोर्डावरची आरशाची जोडी होती. पुढे चारेक वर्षांनी तो मदरबोर्ड जळाला. दुकानदार म्हणाला, अगदी याच जातीचा बोर्ड मिळाला तर बघू, आणि तो बाजारातून केव्हाच गेला होता. दरम्यान एका पावसाळ्यात गळतीने मूळ रजिस्टरांपैकी दोन भिजून लगदा झाली होती. म्हणजे काही मुलांच्या नावांचा, जन्मतारखांचा पुरावा आता त्या दोन चकत्यांतच होता.

माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत गावी आला होता. त्याने दोन्ही चकत्या आपल्या लिनक्सच्या संगणकाला लावल्या. आधी डीएमरेडकडून खूण कोणत्या घराण्याची ते ओळखून घेतले, मग प्रत्येक चकती वेगळी, फक्त वाचण्यापुरती उघडली. म्हणाला, "सर, हे बघा." एका चकतीवरची शेवटची फाइल मार्चमधली होती आणि दुसरीवरची ऑक्टोबरमधली. सात महिन्यांपूर्वीच एक चकती जोडीतून गळून पडली होती. सुरू होताना पडद्यावर क्षणभर येणारी एक इंग्रजी ओळ सोडली तर कुणाला सांगायची सोय त्या यंत्रात नव्हती. आरसा फुटला होता आणि खोके मात्र जोडी म्हणून मिरवत होते. लिनक्सने सवयीप्रमाणे दोन कपाटे दोन म्हणून दाखवली, म्हणून ऑक्टोबरची चकती कोणती ते कळले. भिजलेल्या रजिस्टरांची पाने तिच्यावरच होती.

त्या दिवशी मला वडिलांच्या ट्रंकेतले कागद आठवले. त्यांना मोडी सहज वाचता येई. आमच्या पिढीपर्यंत ती शाळांतून गेलेली होती. कागद आहे, शाई आहे, अक्षरही सुरेख आहे, पण आज तो वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. दोन प्रती असत्या तरी काय फरक पडला असता? न वाचता येणाऱ्या दोन प्रती! जपणूक म्हणजे नुसत्या प्रती वाढवणे नव्हे. ती लिपी येणारा माणूस, किंवा ती शिकता येईल अशी सोय, मागे ठेवणे हा तिचा अर्धा भाग आहे. हाइन्झ माउल्सहागेन यांना महाराष्ट्रातल्या एका शाळेचे जनरल रजिस्टर माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांनी परक्या खुणा शिकून त्या सर्वांसाठी मोकळ्या ठेवल्या, म्हणून आम्हाला त्या रात्री अंदाजावर काम करावे लागले नाही.

हा प्रश्न जुना होऊन संपला असेही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये लेनोव्होच्या योगा ९०० या लॅपटॉपवरून मोठा गदारोळ झाला. त्यात चकती एकच होती, पण बायॉसने ती रेडच्या पद्धतीत कुलूपबंद केली होती, त्यामुळे लिनक्सला ती दिसेचना. ओरड झाल्यावर कंपनीने लिनक्ससाठी वेगळा बायॉस दिला. २०२० च्या उबुंटूत तर इंटेलची ती पद्धत चालू दिसली, की आधी ती बंद करा असे घालण्याआधीच सांगणारी सूचना होती. आणि ती एकदम बंद केली की आधीपासून असलेले विंडोज सुरू होईना, म्हणून तेही क्रमाने करावे लागे.

तेव्हा फोटो, पत्रे, आजीच्या आवाजातल्या ओव्या असे काही संगणकात ठेवणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. आरशाची जोडी म्हणजे दुसरी प्रत नव्हे. तुम्ही चुकून फाइल पुसली तर आरसाही तत्परतेने ती पुसतो. खरी दुसरी प्रत वेगळ्या चकतीवर, शक्य तर वेगळ्या घरी असावी. दुसरे, जोडी करायचीच असेल तर जिची लिपी मोकळी आहे अशी करा. लिनक्सची एमडी कोणत्याही कंपनीच्या मदरबोर्डावर उघडते, बोर्ड जळाला तरी चकत्या दुसरीकडे नेता येतात. आणि तिसरे, वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. आमच्या शाळेत आता दर वर्षी १ मे रोजी निकाल लागला की लगेच हे काम होते. दोन शिक्षक बसतात, कोणतीही पाच पाने उघडतात, ती नीट वाचता आली की वहीत तारीख घालून सह्या करतात. त्या वहीच्या मात्र दोन प्रती नाहीत, हे माझ्या लक्षात आहे!